काळ्या जिभेची भागाई

भागाईनं कुणाला शाप दिलेला मी एकदाही ऐकला नाही. शिव्या ऐकल्या, त्याही मोजक्या. तरी अकोल्याच्या जुन्या शहरात तिची दहशत अशी की अडत दुकानातले टोपीवाले तिला पाहून गल्ली बदलायचे, लग्नाचे वाजंत्रीवाले तिच्या भाजीच्या पाटीपासून लांबचा रस्ता धरायचे आणि शाळेत मास्तरकी करणारे लोकसुद्धा तिच्यासमोरून जाताना कडेवरच्या पोराचे कान झाकायचे. का, तर तिची जीभ काळी. काळ्या जिभेचं माणूस बोलेल ते खरं होतं, हे शास्त्र. कोणत्या शास्त्रात लिहिलंय, असं मी विचारलं की समोरचा मायेनं हसायचा. "बापू, तुमी अजून लहान हा."

आता तेच लोक सांगत फिरतात की आम्ही असलं काही कधी मानलंच नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवणं भाग आहे.

तिची सगळी जीभ काळी नव्हतीच. डाव्या कडेला पिकल्या जांभळाएवढा एक फुगा होता, रंगही जांभळाचाच. जन्मली तेव्हा तिळाएवढा डाग होता म्हणे. ती वाढली तसा तोही वाढला. लग्न होऊन मोर्णा नदीकाठच्या माळ्यांच्या घरात आली तेव्हा सासूनं तोंड उघडायला लावून पाहिलं आणि त्या दिवसापासून तिच्याशी भांडणं बंद केलं. भागाई हे सांगायची तेव्हा तिचे डोळे हसायचे. मूलबाळ झालं नाही. नवरा तापानं गेला. मागं राहिलं नदीकाठचं भाजीचं वावर, त्यातली विहीर आणि ही जीभ.

तिची ख्याती कशी जन्मली याचा मी शोध घेतला. बाजारात एका तांबटाच्या दुकानाच्या ओट्याच्या कडेला ती बसायची. वरच्या तुळईतून पिठासारखा भुसा गळायचा आणि हिच्या मेथीवर पडायचा. तिनं एकदा वर बोट दाखवून तांबटाला सांगितलं, "पडन." पुढं तुळई पडली. माणसं वाचली, घागरी चेपल्या. वाळवीनं वर्षानुवर्षं खपून काम केलं आणि नाव झालं भागाईचं. तो भुसा तांबट रोज सकाळी स्वतःच्या हातानं झाडत होता! पण झाडणाऱ्यानं वर पाहायचं नाही आणि वर पाहणारीला चेटकीण म्हणायचं, हा आमच्या गावचा न्याय.

"पडन" या एका शब्दात तिनं भागवलं, त्यालाही लोकांनी अर्थ चिकटवला होता. म्हणे, मोठी माणसं कमी बोलतात. अरे, बोलायला गेलं की तो फुगा दाढेखाली यायचा! जीभ वळवताना तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. म्हणून ती हनुवटीनं बोलायची. हनुवटी वर, म्हणजे घे. हनुवटी बाजूला, म्हणजे चालता हो. भाकरी ती ताकात भिजवून, पार लगदा करून उजव्या गालानं गिळायची. वांगी तोडायची तीसुद्धा उकिडवी बसून, मान ताठ आणि तोंड आभाळाकडे. खाली वाकलं की फुग्यात रक्त उतरायचं आणि तो ताठ व्हायचा, इतकं साधं कारण. पण बांधावरून जाणारे काय सांगत? भागाई ग्रहांशी बोलून राह्यली!

तिच्या शेजारी जैनबबी बांगड्या घेऊन बसायची. साऱ्या बाजारात भागाईच्या पितळी तांब्यातून पाणी पिणारी ही एकटी. मी तिला एकदा विचारलं, "चाची, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"काय की भीती? मैं भी तो बोलती रहती हूं. इतके साल झाले बोलून राह्यली का ये सडक सुधरेगी. सुधरली का?"

आमचं एक मंडळ होतं, भ्रमनिवारणाचं. चारसहा पोरं, उधारीवर छापून देणारा एक छापखाना आणि अध्यक्ष म्हणून एक वकीलसाहेब. मी पत्रकं लिहायचो आणि वाटायचोही. भागाई माझं पत्रक घ्यायची, उलटंसुलटं करून पाहायची आणि त्यात मिरच्या बांधून गिऱ्हाइकाला द्यायची. माझं लिखाण त्या काळात जेवढ्या घरांत पोचलं ते तिच्यामुळंच. मला ती "कागदवाले" म्हणायची.

म्युनिसिपल कमेटीच्या निवडणुकीत तर आमच्या पुढाऱ्यांनी कळस केला. एका उमेदवारानं भागाईला गाठलं आणि हात जोडून सांगितलं की विरोधी शेटजीच्या दारापुढं जाऊन नुसतं बसायचं. बोलायचं काही नाही, अधूनमधून जीभ दाखवायची. हा गृहस्थ सभेत स्वराज्यावर बोलायचा. भागाई गेली. नुसतं बसायचं तर रिकामं का बसा, म्हणून भाजीची पाटी घेऊन गेली. शेटाणीनं वरच्या खिडकीतून पाहिलं आणि बला टळावी म्हणून गड्याकरवी सगळी पाटी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी भागाई दोन पाट्या घेऊन हजर! तिसऱ्या दिवशी शेटजींच्या घरातून वांग्यांचा वास गल्लीभर येत होता. शेवटी दोघेही पडले आणि तिसराच निवडून आला. त्यावर दोघांनीही भागाईलाच बोल लावला. मी तिला म्हणालो, "तुम्ही गेलातच का? असल्यांना हाकलून द्यायचं." तिनं हनुवटी वर केली, थांबली, मग कष्टानं एकेक शब्द काढला. "वांगे... उतरले... होते."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका गोष्टीत ती जीभ तिच्या खरंच कामाची होती, आणि ती गोष्ट म्हणजे तिचा दीर.

गोविंदाचं वावर तिच्या वावराला लागून. विहीर मात्र हिच्याकडं. भाऊ मेल्यावर वर्षाच्या आत त्यानं म्हणायला सुरुवात केली की वाटणी झालीच नव्हती, सारं सामाईक आहे. वयनीनं घरात दोन घास खाऊन पडून राहावं. एकदा तो बैल घेऊन आला. भागाई आडवी आली आणि तोंड उघडून नुसती "आ" करून उभी राहिली. गोविंदा परतला. त्या उन्हाळ्यात त्याचा एक बैल मेला. म्हातारा बैल, मरायचाच होता. पण त्यानंतर गोविंदा वयनीला बांधापलीकडून रामराम करू लागला. कोर्ट नाही, कचेरी नाही, वकील नाही. एका विधवेच्या वावरावर तिची जीभ राखण बसली होती.

आणि तीच जीभ तिचा जीव घ्यायला निघाली. फुगा आता जांभळाचा लिंबू झाला होता. एका वैद्यानं लोखंड तापवून डाग द्यायचं सुचवलं होतं, एका न्हाव्यानं वस्तऱ्यानं काढून देतो म्हणून सांगितलं होतं. तिनं दोघांनाही हनुवटी बाजूला करून दाखवली, म्हणून तोवर जिवंत होती. मग एक दिवस भर बाजारात भाकरीचा न भिजलेला कडक पापुद्रा लागला आणि फुगा फुटला. मी पत्रकं वाटत होतो, म्हणून पाहिलं. हनुवटीवरून, गळ्यावरून रक्ताची धार, लुगड्याची छाती भिजलेली. भोवती गोल करून पन्नास माणसं, आणि पुढं एकही नाही. कुणी हात जोडलेले, कुणी बायकोला घरात पिटाळलेलं. एक शहाणा तर म्हणाला, "रक्त बोलून राह्यलं, बाप्पा. आता काय होते कोन जाने." जैनबबीनं ओढणीचा बोळा केला, तो भागाईच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "देखते क्या रे, मुर्द्यांनो! बरफ लाओ!" बर्फ आणायला मी पळालो. परत आलो तेव्हाही तो गोल तसाच होता. मोडला होता फक्त माझ्यापुरता.

रक्त थांबलं. दोनचार दिवसांनी मी तिच्या वावरातल्या झोपडीत गेलो. अमरावतीला एक डॉक्टर अशा फुग्यांवर सुई टोचून इलाज करतात, हे मी चौकशी करून आलो होतो. जैनबबी तिथंच होती. भागाईनं सगळं ऐकून घेतलं.

"काया रंग जाईन?"

"काळा रंग जाईल. निदान पुष्कळसा."

"मंग नाई."

मी उखडलो. म्हणालो, "म्हणजे तुमचाही त्या थोतांडावर विश्वास आहे?"

तिनं आधी जीभ सावरली. मग एकेक शब्द ठेवत बोलली. "माया नाई. गोविंदाचा हाय. जीब बरी... तं वावर गेलं."

माझी पत्रकं विश्वासाविषयी होती, वावराविषयी नव्हती. उत्तर जैनबबीकडं होतं.

"अन् मेली तं? वावर क्या मेरे नाम करेगी? तो गोविंदाच खाईन ना, भागा! जिंदा राह्यली तं झगडा तरी करशीन."

 भागाई उठली, विहिरीवर जाऊन पाय धुतले आणि लुगडं झटकलं. "गाडी कवा हाय?"

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही तिघं अमरावतीला गेलो. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं कोरडं, हात सफाईदार. त्यांचा कंपाउंडर चांगला इंग्रजी शिकलेला, पण भागाईनं जीभ काढताच तो ट्रे घेऊन दाराशी गेला, आणि त्याच्या कोटाच्या खिशातून लिंबू-मिरची डोकावत होती. डॉक्टरांना ती दिसली नाही की पाहायची नव्हती, कोण जाणे. शिक्षणानं माणूस सुधारतो असं आम्ही पत्रकांत छापत होतो. मी ते वाक्य पुढं काढून टाकलं.

डॉक्टरांनी काचेची एक पट्टी फुग्यावर दाबली. काचेखालचा काळा रंग पळाला आणि जीभ फिकट गुलाबी झाली. काच उचलली, रंग परत भरला. "ही गाठ नाही," ते मला म्हणाले. "फाजील रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, रक्तानं भरलेला. कापायला गेलं तर रक्त आवरणार नाही. आत औषध टोचायचं. वाहिन्या आतून चिकटतात आणि गुंता हळूहळू आकसतो. एकदा टोचून भागणार नाही, पुन्हा पुन्हा यावं लागेल. टोचल्यावर जीभ सुजेल. श्वास कोंडू नये म्हणून बाईंना इथंच ठेवून घेऊ."

भागाईनं खुणेनं आरसा मागितला. "पुना दाबा."

डॉक्टरांनी दाबलं. काळं गेलं. सोडलं. काळं आलं. तिनं आणखी एकदा दाबायला लावलं आणि आरशात पाहता पाहता घशातून हसली. "एवढंच? काचेनं पयते?" त्या हसण्यात साऱ्या जुन्या शहराची जी नाचक्की होती तेवढी मला कधी लिहिता आली नाही.

औषध क्विनाइनचं होतं. हिवतापाचं औषध जिभेत कशाला, म्हणून जैनबबी भांडायला उठली; तिला मी बाहेर नेलं. सुई गेली तेव्हा भागाईनं नुसता खुर्चीचा दांडा धरला. थोडं औषध बाहेर आलं तेव्हा मात्र तोंड असं वाकडं केलं की डॉक्टरही हसले. सुजेचं त्यांनी सांगितलं होतं ते खरं झालं. जीभ दातांत मावेना. रात्रभर बर्फ, दुसऱ्या दिवशी चमच्यानं ताक. शब्द तर एकही नाही.

सूज पुरती उतरायच्या आत ती हट्टानं अकोल्याला परतली, कारण विहिरीवर मोट धरायला कुणी नव्हतं. सुजलेली जीभ ओठांतून डोकावत होती. गावानं काय करावं? ही चेष्टेची गोष्ट नव्हे, काहींनी खरोखर दुकानांच्या फळ्या लावल्या! शक्ती वाढवून आणली म्हणाले. गोविंदानं तर तिच्या बांधावर नारळ ठेवला. तिनं तो फोडून खोबरं जैनबबीला दिलं, कारण तिला चावता येत नव्हतं.

ती पुन्हा गेली, आणि पुन्हा. दर खेपेला फुगा लहान आणि घट्ट होत गेला, रंग उतरत गेला. शेवटी जिभेच्या कडेला एक पांढुरका वण आणि बोटाच्या टोकाएवढा खळगा उरला. आमच्या अध्यक्षांना आनंदाचं भरतं आलं. टाऊन हॉलात सभा घ्यायची, बाईंना व्यासपीठावर आणायचं, जीभ दाखवायची, "प्रत्यक्ष पुरावा!" हे सांगायला ते स्वतः माझ्यासोबत तिच्या ओट्याशी आले. भागाईनं विचारलं, "मी काय अस्वल हो? डमरू बी आनता का?" वाक्य पुरं, सलग, एका दमात! अध्यक्ष एक पाऊल मागं सरले. भ्रमनिवारण मंडळाचे अध्यक्ष. मी त्याच आठवड्यात मंडळ सोडलं.

तेव्हा आमच्या लक्षात यायला हवं होतं की आता काय होणार आहे. फुगा दाढेखाली येऊ नये म्हणून जिनं जन्मभर शब्द गिळले, तिची जीभ मोकळी झाली होती. ती बोलायला लागली. गिऱ्हाइकाशी, बैलाशी, मोटेशी, मेथीच्या जुडीशी. जैनबबी कपाळाला हात लावायची. "या अल्ला, डाकदरला सांग, थोडा वापस डाल." आणि गाव? गाव धीट झालं. काळं गेलं म्हटल्यावर लोक तिच्याशी घासाघीस करू लागले, तिला "ए बुढे" म्हणू लागले. ज्यांनी कान झाकले होते तेच आता तिच्यासमोर उभे राहून पडलेल्या तुळईचे विनोद सांगत.

गोविंदा धीट होणार हे ओघानंच आलं.

एका सकाळी बातमी ऐकून मी पोचलो तेव्हा तिच्या बांधावर पाऊणशे माणसं जमली होती. तमाशा पाहायला, दुसऱ्या कशाला? नांगर वावरात शिरला होता आणि वांग्यांनी लगडलेल्या दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. भागाई बैलांच्या शिंगांपुढं उभी.

"काहून रे गोविंदा, जीब पांढरी झाली तं वावर तुयं झालं का?"

"वयनी, बाजूले व्हा. सामाईक हाय हे."

"सामाईक? वाटणी झाली तवा तू झोपला होता का? ह्या बांधाचा दगड तू रोवला, तुया हातानं! माया नवरा माती लोटत होता. पंच बसले होते लिंबाखाली. गूळ वाटला मी. त्या महादूबुढ्यानं दोनदा घेतला गूळ, आन तिसऱ्यांदा नातवाच्या नावानं. इचार त्याले!"

साऱ्यांनी महादूकडं पाहिलं. हा पंचांतला एकच म्हातारा हयात होता. पूर्वी भागाईनं त्याच्याकडं नुसतं बोट केलं असतं तर हा नदीपार झाला असता. आज पळायला कारण उरलं नव्हतं.

"होता बाप्पा गूळ," तो म्हणाला. "वाटणी झाली. दगड बी यानंच रोवला."

"मंग इतके साल काहून नाई बोलला?" मागून कुणीतरी विचारलं.

"मले कोनी इचारलं?"

कुणी विचारलं नाही! विचारणारी तोंड उघडायची तेव्हा तुम्ही पाठ दाखवत होता, हे मी ओरडणार होतो. पण मला बोलायला जागाच मिळाली नाही. गोविंदानं लोकांच्या तोंडाकडं पाहिलं, महादूकडं पाहिलं आणि बैलांचे कासरे ओढले. नांगर उचलून तो आपल्या बाजूला गेला. आडव्या पडलेल्या वांग्यांना कुणी हात लावला नाही.

भागाई थांबली नाही. ती लोकांकडं वळली. कोण विहिरीचं पाणी नेऊन तांब्या परत न देता गेलं, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणात रोज मेथी पोचली आणि बारशाला मात्र बोलावणं नाही, रक्त वाहत होतं तेव्हा कोण कुठं उभं होतं, एकेकाचं नाव घेऊन ती सांगत होती. ऊन चढलं. जैनबबी पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभी होती. मध्येच एक घोट, की पुन्हा सुरू. लोक मान खाली घालून ऐकत होते. मला परगावी जायची गाडी गाठायची होती, म्हणून मी निघालो. वळून पाहिलं तर कडेच्या एका म्हाताऱ्यानं हळूच वहाणा हातात घेतल्या होत्या आणि तो बांध उतरू लागला होता.

"बस तठीच, बुढ्या," भागाई म्हणाली. "तुयं राह्यलं."

तो बसला.